कूबर पीडी: डिसेंबर सोडा, दोन रात्री राखा

पत्र: माझा मुलगा-सून अ‍ॅडलेडला असतात. डिसेंबरमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच त्यांच्याकडे जाणार आहोत. ऑस्ट्रेलियात लोक जमिनीखाली राहतात असं एक खाणीचं गाव आहे, कूबर पीडी. ते बघायची फार इच्छा आहे. बेत असा: भाड्याची एसयूव्ही घेऊन पहाटे निघायचं, रात्री पोचायचं, एक मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी ओपल खणून पुढे उलुरूचा प्रसिद्ध लाल खडक बघायला जायचं. सोबत सहा वर्षांचा नातू आहे. यजमान 64 वर्षांचे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना जमिनीखाली जिने उतरणं जमेल का? ज्योतिषांनी मला शुक्रासाठी ओपल सांगितलाय, तो तिथेच घ्यावा म्हणते. खाणीच्या गावात स्वस्त मिळेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर:

ताई, गाव जरूर बघा. बेत मात्र जवळजवळ सगळाच बदला. महिना चुकलाय, एका दिवसात गाठायचं अंतर चुकलंय, आणि उलुरूचं शेपूट तर कापूनच टाका.

आधी महिना. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडणं नेहमीचं, एखादा दिवस 45 च्याही वर. सावलीला झाड नाही, आणि माश्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत नि नाकात शिरतात. जमिनीखालच्या खोलीत गारवा असतो हे खरं, पण तुम्ही आलात ते बाहेरचं बघायला, आणि बाहेर सकाळी दहानंतर उभं राहवत नाही. तिकिटं अजून काढली नसतील तर भेट जुलैत न्या. तेव्हा दिवसा 18-19 अंश असतात, रात्री स्वेटर-कानटोपी लागते, माश्या तुरळक. नातवाच्या शाळेला जुलैत दोन आठवड्यांची सुट्टीही असते. अडचण एवढीच की इतरांनाही हेच ठाऊक आहे, त्यामुळे खोल्या दोन-तीन महिने आधी धरायला हव्यात. एप्रिलची सुट्टीही चालेल. तिकिटं निघालीच असतील तर डिसेंबरात अ‍ॅडलेडच्या आसपासच फिरा. मुलगा तिथेच आहे, हे गाव पुढच्या भेटीला बघता येईल.

आता अंतर. अ‍ॅडलेड ते कूबर पीडी 846 किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याहून हे लांब, आणि दुभाजक नाही. जाणारी एक लेन, येणारी एक. रस्ता गुळगुळीत, सरळ, वेगमर्यादा 110, आणि धोकाही त्या सरळपणातच आहे: तासन्‌तास एकही वळण येत नाही, चालकाचे डोळे उघडे राहतात पण लक्ष उडतं. त्यात पहाटे निघून रात्री पोचायचं म्हणजे दोन्ही वाईट वेळा गाठायच्या. संध्याकाळी आणि भल्या पहाटे कांगारू, एमू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. या पट्ट्यात पशुपालनाची जमीन इतकी अफाट आहे की रस्त्याकडेला कुंपण बहुतेक ठिकाणी नसतंच. मोठा कांगारू 110 च्या वेगात आदळला तर रेडिएटर फुटतो आणि गाडी तिथेच संपते.

म्हणून पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला करा. अ‍ॅडलेडपासून ते साधारण 310 किलोमीटर, साडेतीन-चार तास. तिथे मोठी सुपरमार्केटं, औषधांची दुकानं, टायरवाले सगळं आहे. पुढे यातलं फारसं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघा, त्याआधी नको. जुलैत सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. उरलेले साडेपाचशेच्या आतले किलोमीटर थांबत-थांबत सात तासांत होतात, म्हणजे उजेड असतानाच पोचाल.

वाटेत थांबण्याजोगं थोडंच आहे, पण आहे. पोर्ट ऑगस्टापासून पावणेदोनशे किलोमीटरवर पिंबा हा रोडहाउस, म्हणजे पेट्रोल-खाण्याचा थांबा. तिथून सहा-सात किलोमीटर आत वूमेरा: दुसऱ्या महायुद्धानंतर क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी वसवलेलं गाव. उघड्यावर मांडलेली रॉकेटं, विमानं नातवाला फुकटात बघता येतील. पुढे डाव्या-उजव्या बाजूंना मिठाची कोरडी सरोवरं लागतात. लेक हार्टपाशी थांबायला जागा आहे. या भागात महामार्ग लष्करी चाचणीच्या निषिद्ध क्षेत्रातून जातो. रस्त्यावरून जायला परवानगी लागत नाही. फाटे दिसतील तिकडे मात्र गाडी घालायची नाही.

पिंबापासून 113 किलोमीटरवर पुढचा थांबा, ग्लेनडॅम्बो. इथे टाकी अर्धी भरलेली असली तरी तोंडापर्यंत भरा. पुढे थेट कूबर पीडीपर्यंत 253 किलोमीटर ना पेट्रोल, ना पाणी, ना चहा. कागदावर पाहिलं तर एवढ्याला पंचवीस लिटर पुरतात, पण पाच माणसं, सामान, 110 चा वेग आणि समोरचा वारा यांनी खप बराच वाढतो. 'अजून तीनशे किलोमीटर जाईल' असं सांगणारा डॅशबोर्डचा आकडा मागच्या चालवण्यावर बेतलेला असतो, पुढच्या वाऱ्यावर नव्हे.

या रस्त्यावरची दुसरी गोष्ट म्हणजे रोड ट्रेन: तीन ट्रेलर जोडलेला, 53.5 मीटरपर्यंत लांब ट्रक. तो 100 ने चाललाय आणि तुम्ही 110 ने त्याला मागे टाकता आहात असं धरा. फरक फक्त 10 चा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर मिळून दीडशे मीटर कापायला 54 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 1650 मीटर पुढे जाता, आणि समोरून येणारी गाडीही तेवढीच जवळ येते. थोडक्यात, समोर सव्वातीन किलोमीटर रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर ओव्हरटेक करायचंच नाही. जादा लेन येईपर्यंत मागे राहा, पण त्याच्या शेपटीला चिकटू नका. चाकाखालचे खडे काचेवर येतात. समोरून रोड ट्रेन आली की हवेचा धक्का बसतो: स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि डावी बाजू सोडू नका.

भाड्याची गाडी घेताना मुलाला करार ओळन्‌ओळ वाचायला सांगा. बऱ्याच करारांत तीन कलमं दडलेली असतात: दुर्गम भागात रोजच्या किलोमीटरवर मर्यादा, कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, आणि सूर्यास्त ते सूर्योदय गावाबाहेर प्राण्याला धडक बसली तर नुकसान तुमचं. यजमानही चालवणार असतील तर त्यांचं नाव करारात घाला. महाराष्ट्राचा इंग्रजीतला परवाना पाहुण्याला चालतो; पासपोर्ट सोबत हवा, आणि कंपनी मागते म्हणून आंतरराष्ट्रीय परवानाही काढलेला बरा. सात वर्षांखालच्या मुलाला बूस्टर सीट तिथे कायद्यानंच लागते, 'मांडीवर घेते' चालत नाही. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून बघा. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसता पंक्चर भरायचा फेस असतो. टायर फाटल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, म्हणजे पाच जणांना पंचवीस, आणि ते एकाच मोठ्या कॅनमध्ये नको. एक फुटला तर दुसरा राहतो. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही, हा इथला पहिला नियम. महामार्गावर कुणीतरी येतंच, आणि शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. मोबाइलचं नेटवर्क गावात आणि रोडहाउसजवळ, मधल्या लांबच्या लांब पट्ट्यांत काही नाही. सिम टेल्स्ट्रा या कंपनीच्याच पूर्ण नेटवर्कचं घ्या. आयफोन 14 किंवा त्यापुढचा कुणाकडे असेल तर उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश ऑस्ट्रेलियात 2023 पासून पाठवता येतो. तो कसा पाठवायचा हे घरीच बघून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक 000.

निघायच्या आदल्या रात्री राज्य सरकारचा आउटबॅक रस्त्यांचा अहवाल बघा. वाळवंट आहे म्हणून पावसाची भीती नाही असं समजू नका. जमीन चिकणमातीची आहे, पाणी मुरत नाही, पसरतं. जानेवारी 2022 मध्ये ग्लेनडॅम्बोच्या बाजूला महामार्गच पाण्याखाली गेला आणि कूबर पीडीला अन्नधान्य विमानानं पोचवावं लागलं. बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो, आणि रुतलात तर बाहेर काढायचा खर्च वेगळा.

एवढं वाचून चालवायचा धीर होत नसेल तर अ‍ॅडलेडहून छोटं विमान जातं. आठवड्याच्या ठरावीक दिवशीच, म्हणून मुक्काम त्या वेळापत्रकावर बेतावा लागतो. पाच तिकिटांचं मोल रोड ट्रिपपेक्षा जास्त पडेल, पण यजमानांच्या गुडघ्याला जाता-येता वीस-बावीस तास गाडीत दुमडून बसवण्यापेक्षा मला हा पर्याय पटतो. गावात फिरवणाऱ्या स्थानिक सहली मिळतात.

आता जिन्यांची काळजी. ती सोडा. इथली घरं विहिरीसारखी खाली खणलेली नाहीत. टेकडीच्या पोटात आडवी कोरलेली आहेत. दार रस्त्याच्या पातळीवर, आत सपाट चालत जायचं. काही संग्रहालयांत आणि जुन्या खाणींत थोड्या पायऱ्या आहेत, खोली धरताना हॉटेलला 'पायऱ्या किती' एवढं विचारून घ्या. आत वर्षभर 23 ते 25 अंश राहतात, ना पंखा ना हीटर. भिंतींवर खणणाऱ्या यंत्राच्या दातांचे गोल-गोल ओरखडे दिसतात, त्यावर पारदर्शक लेप दिलेला असतो, नाहीतर भुसा पडल्यासारखी धूळ गळत राहते. छतातून वर गेलेला पाइप हवेसाठी. खिडकी नाही. दिवा मालवला की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, सकाळ झाली हे कळत नाही. नातू रात्री जागा झाला तर घाबरेल, म्हणून प्लगमध्ये लावायचा छोटा दिवा न्या, ऑस्ट्रेलियन पिनेचा. यजमानांनाही बाथरूमला उठताना तो लागेल.

खणण्याबद्दल मात्र थेट सांगते: खाणीच्या क्षेत्रात आपलं आपण भटकायचं नाही. 1915 मध्ये विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडलं, तेव्हापासून माणसं जमीन पोखरताहेत. ड्रिलनं पाडलेलं भोक साधारण मीटरभर रुंद, वीस-तीस मीटरही खोल, आणि काम संपल्यावर उघडंच राहतं. गावाभोवती अशी लाखो भोकं आहेत. प्रत्येकाशेजारी पांढरट मातीचा ढीग असतो. फोटोसाठी त्या ढिगावर चढावंसं वाटतं आणि भोक ढिगाच्या पलीकडेच असतं. काठाची माती भुसभुशीत, पाय ठेवला की घसरते. गावाबाहेरच्या पाट्यांवर धावू नका, मागे-मागे चालू नका, असं चित्रासकट लिहिलंय, ते सेल्फी काढणाऱ्यांसाठीच आहे. नकाशाचं अ‍ॅप एखादी 'जवळची वाट' या ढिगांमधून दाखवेल. ती घेऊ नका. अंधार पडल्यावर तर नकोच. दुसऱ्यानं खणायला नोंदवलेल्या जागेत (क्लेममध्ये) रात्री उतरून माल पळवणाऱ्यांचा इथे जुना राग आहे, त्यामुळे टॉर्च घेऊन फिरणारा अनोळखी माणूस कुणाला आवडत नाही.

तुमची हौस भागवायला नूडलिंग आहे: खाणवाल्यांनी उपसून टाकलेली माती चाळून त्यातलं निसटलेलं ओपल वेचणं. गावातच ज्वेलर्स शॉप रोडवर त्यासाठी मोकळी ठेवलेली सार्वजनिक जागा आहे. तिथे उघडी भोकं नाहीत. न्यायचं सामान: बागकामाचा छोटा दाताळ, पीठ चाळायच्या चाळणीपेक्षा जाड भोकांची चाळणी, हातमोजे, बंद बूट, टोपी आणि पाण्याची फवारणीची बाटली. बाटली सगळ्यात महत्त्वाची. कोरड्या धुळीत ओपल आणि खडा सारखेच दिसतात; ओला केला की रंग उमटतो. सूर्य पाठीशी घ्या, ढीग दाताळानं सारा, शिंपडा, हळूहळू कोन बदलत बघा. पांढरा-राखाडी, काचेसारखा गुळगुळीत पण रंग न खेळणारा तुकडा मिळेल, त्याला तिथे पॉच म्हणतात: ओपलच, पण किंमत नसलेलं. सकाळभरात नातवाच्या मुठीत मावतील एवढे पॉच आणि एखाद्यात निळ्या-हिरव्याची रेघ, एवढंच अपेक्षा ठेवण्याजोगं. मुलाला एवढं पुरतं.

खाण आतून बघायची तर ओल्ड टायमर्स माइन किंवा उमूना यांतली एक पुरे. दोन्हीत तेच दिसतं. सेंट एलायजा हे सर्बियन लोकांचं जमिनीतलं चर्च मात्र चुकवू नका. दारूच्या दुकानात (बॉटल शॉप) ओळखपत्र मागतात आणि रस्त्यावर दारू प्यायला मनाई आहे, हे मुलाच्या कानावर घाला.

कांकू-ब्रेकअवेज ही रंगीत टेकड्यांची जागा गावापासून 33 किलोमीटर उत्तरेला, शेवटचा भाग कच्चा. प्रवेशाचा पास लागतो, आधीच काढा. सूर्यास्ताला सगळ्यात सुंदर, पण परतताना अंधार आणि कांगारू. म्हणून संध्याकाळची फेरी स्थानिक सहलीच्या गाडीनं करा, किंवा स्वतःची गाडी न्यायची तर सकाळी. ही जागा अंतकिरिंजा मातु-यांकुनिट्जाट्जारा लोकांची, त्यांच्यासाठी पवित्र. दगड उचलून आणायचे नाहीत, आखलेल्या वाटेबाहेर उतरायचं नाही.

आता अंगठी. खाणीच्या गावात स्वस्त मिळतं हा समज सोडा. निवड मोठी मिळते, एवढंच. बघायचं ते आधी बाजूनं. अखंड दगडाला सॉलिड म्हणतात. डब्लेट म्हणजे ओपलचा पातळ थर काळ्या पाठीवर चिकटवलेला. ट्रिप्लेटमध्ये वरून काचेचा किंवा स्फटिकाचा घुमटही असतो. कडेनं पाहिलं तर सांधा सरळ रेघेसारखा दिसतो. नैसर्गिक थर वाकडातिकडा असतो. मागून बंद कोंदणात हा सांधा दिसत नाही, म्हणून सुटा दगडच निवडा. डब्लेट खोटं नव्हे, पण किंमत सॉलिडची द्यायची नाही, आणि पाणी लागत राहिलं की डिंक धुरकट होतो.

कूबर पीडीचं ओपल बहुतेक पांढरट, दुधी अंगाचं असतं. काळं ओपल न्यू साउथ वेल्समधल्या लाइटनिंग रिजचं. इथे कुणी स्वस्तात 'काळं' दाखवलं तर ते अँडामूका या दुसऱ्या ओपलच्या गावचं 'मॅट्रिक्स' असू शकतं: सच्छिद्र दगड साखरेच्या पाकात मुरवून आम्लानं साखर जाळतात, काजळीनं अंग काळं होतं. विचारलं की सरळ व्यापारी सांगतो. इथियोपियाचं ओपलही बाजारात पुष्कळ आहे, ते पाणी शोषतं. म्हणून बिलावर मूळ ठिकाण, सॉलिड की डब्लेट, आणि वजन लिहून घ्या. वजन कॅरेटमध्ये, 0.2 ग्रॅमचं एक. दर ठरतो तो रंगाच्या तेजावर: दुकानाच्या दिव्याखाली सगळंच चमकतं, दगड घेऊन दाराशी सावलीत या. तिथेही रंग जिवंत राहिला तर तो खरा तेजस्वी. लाल खेळणारा महाग, निळा-हिरवा त्या मानानं परवडणारा.

ज्योतिषांच्या सांगण्यात मी पडत नाही, पण अंगठीबद्दल एक सांगते. ओपलचा कठीणपणा 5.5 ते 6.5, साध्या धुळीतली वाळू त्याहून कठीण. रोज कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातात तो वर्षभरात ओरखडतो, आपटला तर टवका उडतो. अंगठीच हवी असेल तर सॉलिड, कडा झाकणारं कोंदण, आणि कामाच्या वेळी काढून ठेवायची. ज्योतिषी मान्य करत असतील तर पेंडंट करा, ते टिकेल. सोनाराला अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नका.

औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त ठेवा. गावात रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला फ्लाइंग डॉक्टरच्या विमानानं शहरात नेतात. प्रवास विम्यात रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च आहे का, आणि रक्तदाब आधीपासूनचा म्हणून वगळलाय का, हे तपासा. जेवणाचं: गावात सुपरमार्केट आहे, भाजी दूरवरून येते म्हणून महाग. चूल असलेली खोली घ्या. पोहे, डाळ-तांदूळ अ‍ॅडलेडच्या भारतीय दुकानातूनच भरा. नाशिकहून मेतकूट-लोणचं नेलंत तर विमानतळावर फॉर्मवर घोषित करा, लपवल्यास दंड मोठा. गावातल्या नळाचं पाणी क्षार काढून शुद्ध केलेलं असतं, पिण्याजोगं पण महाग, तेव्हा अंघोळ आटोपशीर.

उलुरू पुढे आणखी 730-740 किलोमीटर आहे, आणि पुन्हा परत यायचं. ते विमानानं वेगळं करा. तुमचे पाच दिवस असे: पोर्ट ऑगस्टा एक रात्र, कूबर पीडी दोन रात्री, परतताना पुन्हा पोर्ट ऑगस्टा, पाचव्या दिवशी घर.

आणि ओपलचं बिल जपा. एकाच दुकानातून 300 डॉलर किंवा जास्त खरेदी असेल आणि देश सोडायच्या आधीच्या 60 दिवसांत केलेली असेल, तर त्यावरचा जीएसटी विमानतळावर परत मिळतो. दगड हातातल्या सामानात ठेवा, काउंटरवर दाखवावा लागतो, आणि विमान सुटायच्या अर्धा तास आधी दावा बंद होतो. रांग लांब असते, तिथे लवकर जा.